माय घोड्यावरून येते तेव्हा : अँजेला कार्टर यांचा ‘द ब्लडी चेंबर’

अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेचा ‘द ब्लडी चेंबर’ हा दहा कथांचा संग्रह १९७९ साली प्रसिद्ध झाला. निळ्या दाढीचा सरदार, लाल टोपीवाली मुलगी, सुंदरी आणि पशू, बूट घालणारा बोका, हिमगौरी, शंभर वर्षे झोपलेली राजकन्या या युरोपातल्या घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या परीकथा त्यांनी मोठ्या वाचकांसाठी नव्याने लिहिल्या आहेत. अशा पुनर्कथनांची आज इंग्रजीत रेलचेल आहे. मुखपृष्ठावर काटेरी वेली आणि रक्ताचे थेंब रंगवलेली जाडजूड पुस्तके एकामागून एक येत असतात आणि आपल्याकडची महाविद्यालयीन मुले ती आवडीने मागवूनही घेतात. त्यांतली बरीचशी मी चाळली आहेत. त्या सगळ्यांच्या आधीचे आणि माझ्या मते त्या सगळ्यांहून थोर असे हे पुस्तक आहे. श्रावणातल्या कहाण्या ऐकत मराठवाड्यात वाढलेल्या वाचकाला ते मुळीच परके वाटणार नाही, किंबहुना त्यातल्या कित्येक गोष्टी त्याला इंग्रज वाचकाच्या आधी उमगतील, असे मला मनापासून वाटते आणि ते का वाटते हे येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

परीकथा म्हणजे लेकराला झोपवण्यासाठी सांगायची गोड, निरागस गोष्ट, ही समजूत फार जुनी नाही. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली छापलेल्या संग्रहात लाल टोपीवाली मुलगी लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट तिथेच संपते. लांडग्याचे पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी पुढे ग्रिम बंधूंच्या जर्मन संग्रहात आला. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. १८१९ सालच्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. पुस्तक मुलांच्या हाती जाऊ लागले तसतशी त्याची धार बोथट करण्यात आली. कार्टर यांना हा इतिहास अभ्यासाने ठाऊक होता, कारण पेरोच्या कथांचा त्यांनी स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद १९७७ साली, म्हणजे या संग्रहाच्या दोनच वर्षे आधी, प्रसिद्ध झाला होता. पण त्याच्याही कितीतरी आधी, महायुद्धाच्या काळात यॉर्कशरमध्ये आईच्या आईकडे राहत असताना, लाल टोपीची गोष्ट त्यांनी आजीच्या तोंडून ऐकली होती. लांडगा मुलीवर झेप घेतो त्या जागी आजी नातीलाच खाऊन टाकण्याचा आव आणत असे आणि नात भीतीने व आनंदाने किंचाळत असे, ही आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. या संग्रहातल्या प्रत्येक चांगल्या कथेत ती भीती आणि तो आनंद असे एकमेकांत मिसळलेले आहेत.

आपल्याकडेही एक म्हातारी लेकीच्या घरी निघते, वाटेत वाघ आणि कोल्हा तिला अडवतात आणि तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा, असे सांगून ती वेळ मारून नेते. रानातली वाट, एकटी बाई आणि भुकेले जनावर, सारे तेच आहे. आपली म्हातारी भोपळ्यात बसून सुटते एवढेच. पण कार्टर यांच्या अधिक जवळ जाणारी गोष्ट आपल्या व्रतकथांत आहे आणि ती म्हणजे श्रावणात वाचली जाणारी शिळासप्तमीची कहाणी. राजा गाव वसवतो, गावाखाली तळे बांधतो, पण काही केल्या पाणी लागत नाही. जलदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. राजा सुनेला माहेरी पाठवून देतो, ती गेल्यावर नातवाला न्हाऊ-जेवू घालतो, दागिने घालतो, पलंगावर निजवून तळ्यात ठेवून देतो आणि तळे भरून येते. सून भावाबरोबर परत निघते, वाटेत सप्तमीचा दिवस उजाडतो, ती त्याच तळ्याशी पूजा करून वाण देते आणि पाण्यात आपले पाय कोण ओढते आहे म्हणून पाहते तो तिचाच मुलगा. लेकरू परत मिळते आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. ज्या मुलखात आड आणि बारवा तळाला जातात, टँकरची वाट पाहण्यात उन्हाळा सरतो, तिथे पाण्यासाठी काय काय दिले जाऊ शकते याची ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या बायका ओसरीवर बसून वाचत आल्या आहेत. सासऱ्याला मात्र कहाणीत कोणीही जाब विचारत नाही. कार्टर यांचे सारे लेखन त्या न विचारलेल्या जाबापासून सुरू होते.

म्हणूनच त्यांच्या पुस्तकावर ‘प्रौढांसाठीच्या परीकथा’ अशी चिठ्ठी डकवली जाणे त्यांना रुचले नव्हते. अमेरिकी आवृत्तीत तसा शब्दप्रयोग झाला तेव्हा त्यांनी त्याविषयी नापसंती व्यक्त केली आणि जुन्या गोष्टींच्या पोटात जे आधीपासून दडलेले आहे ते बाहेर काढून तिथून पुढे नवी गोष्ट सुरू करणे हा आपला हेतू होता, असे एका मुलाखतीत सांगितले. हा फरक महत्त्वाचा आहे. आज काळ्या परीकथा म्हणून जे लिहिले जाते त्यातल्या बहुतेकांत काळोख वरून ओतलेला असतो. राजकन्येच्या हातात खंजीर द्यायचा, राजपुत्राला क्रूर करायचे आणि मधे दोन-चार शृंगारिक प्रसंग घालायचे, की काम झाले. कार्टर यांच्या कथांतला काळोख मूळ गोष्टीतलाच आहे. त्यांनी फक्त दिवा थोडा जवळ नेला आहे.

संग्रहातली पहिली आणि सर्वांत मोठी कथा पुस्तकाच्याच नावाची आहे आणि पुस्तकाचे पैसे या एका कथेतच वसूल होतात. पॅरिसमध्ये विधवा आईबरोबर गरिबीत वाढलेली, पियानो वाजवणारी सतरा वर्षांची मुलगी एका अतिश्रीमंत मार्कीशी, म्हणजे फ्रेंच सरदाराशी, लग्न करते. त्याच्या तीन बायका आधी मेलेल्या आहेत. रात्रीच्या आगगाडीने तो तिला फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गढीत नेतो; भरती आली की गढीचा जमिनीशी संबंध तुटतो. लग्नाची भेट म्हणून त्याने तिच्या गळ्यात माणकांचा एक चपटा, गळ्याशी घट्ट बसणारा हार घातला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटीनच्या पात्यातून वाचलेल्या त्याच्या आजीची ती आठवण आहे आणि दुरून पाहिले तर गळा चिरल्यावर दिसेल तशी तांबडी रेघ मानेवर उमटलेली दिसते. या एका दागिन्यात कार्टर यांनी सगळी कथा आधीच सांगून टाकली आहे. नवरा कामानिमित्त जातो, किल्ल्यांचा जुडगा देतो, एक खोली उघडू नकोस म्हणतो, ती उघडते, किल्लीवर रक्ताचा डाग पडतो आणि तो धुतला जात नाही. निळ्या दाढीच्या सरदाराची पेरोची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे सगळे माहीत आहे. तरीही वाचताना हात थंड पडतात, कारण इथे ही गोष्ट ती मुलगी स्वतः सांगते आहे आणि ती सांगताना आपल्या मनातली श्रीमंतीची ओढ, नवऱ्याच्या नजरेत स्वतःला पाहताना वाटलेली विचित्र थरारकता, काहीही लपवत नाही. नवऱ्याच्या क्रौर्याइतकेच तिचे हे प्रामाणिक कथन भेदक आहे.

आमच्या परभणीतल्या वाचक मंडळात ही कथा मी मराठीतून सांगितली तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली ती खोलीतल्या प्रेतांची नव्हे. गढीत एकटी पडलेली मुलगी आईला फोन करते. सगळे ठीक आहे, असेच तिला सांगायचे असते. पण बोलता बोलता तिला रडू कोसळते आणि विचारल्यावर ती न्हाणीघरातल्या सोन्याच्या नळांविषयी काहीतरी सांगते. या जागी एक ज्येष्ठ बाई, ज्यांनी स्वतः तीन लेकी नांदायला पाठवल्या आहेत, मला थांबवून म्हणाल्या, “लेकरू नळासाठी कशाला रडंल? त्याला दुसरंच काहीतरी सलतंय. मायला कळलं असंल.” कथेतल्या आईलाही नेमके तेच कळते. सोन्याच्या नळांवरून कोणी रडते का, एवढ्या एका गोष्टीवरून ती निघते. रात्रीची गाडी पकडते, भरतीचे पाणी चढत असताना घोडा दामटत गढीच्या दारात येते आणि मुलीच्या मानेवर तलवार उगारलेल्या जावयाला आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या पिस्तुलाने एका गोळीत आडवे करते. ही आई कोणी अबला नाही, हे लेखिकेने सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे. वयाच्या अठराव्या वाढदिवशी तिने हनोईच्या उत्तरेकडल्या डोंगरांत नरभक्षक वाघ मारलेला आहे. तेव्हा तो तपशील वाचक गंमत म्हणून वाचतो आणि पुढे जातो. कथेच्या शेवटी तो कामाला येतो.

मूळ गोष्टीत मुलीला सोडवायला तिचे दोन भाऊ येतात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही सासुरवाशीण डोळ्यांत प्राण आणून वाट पाहते ती भावाची; सणावाराला मुराळी म्हणून तोच येतो, आणि शिळासप्तमीच्या कहाणीतही तोच बरोबर असतो. ओवीतली माय दारात उभी राहून डोळे पुसते, लेकीच्या वाटेकडे बघते, क्वचित निरोप धाडते. ती स्वतः उठून लेकीच्या सासरी आली आहे आणि तिने जावयाला जाब विचारला आहे, असे ओवीत सहसा घडत नाही, कारण जिथून ती ओवी येते त्या घरात ते घडणे शक्य नव्हते. म्हणून कार्टर यांनी भावांच्या जागी आई आणली हा बदल आपल्याला किती मोठा आहे हे लगेच समजते. हुंडाबळीच्या बातम्यांत शेजारपाजारचे लोक नेहमी सांगतात की मुलीने आदल्याच दिवशी माहेरी फोन केला होता. तो फोन ज्यांनी वाचला आहे, किंवा ज्यांच्या ओळखीपाळखीच्या घरात तो आला आहे, त्यांना ही कथा युरोपातली राहत नाही.

या कथेवर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते नोंदवणे न्याय्य आहे. पॅट्रिशिया डंकर यांनी १९८४ साली लिहिलेल्या लेखात असा मुद्दा मांडला की परीकथेचा साचाच बाईला दुय्यम ठेवणारा आहे आणि कार्टर त्या साच्यातून बाहेर पडू शकलेल्या नाहीत. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. नायिका शेवटपर्यंत कोणीतरी येण्याची वाट पाहते हे खरेच आहे. परंतु आक्षेपाने जितके सिद्ध होते त्यापेक्षा कथा अधिक काही देते, असे माझे मत आहे. साचा मोडून टाकला असता तर साच्यात अडकलेल्या माणसांची गोष्ट सांगता आली नसती. आणि शेवटी ती मुलगी पुन्हा कोणा श्रीमंताच्या घरी जात नाही. आई आणि आंधळा पियानो-दुरुस्तीकार यांच्याबरोबर पॅरिसच्या कडेला राहून संगीताची लहानशी शाळा चालवते. किल्लीवरच्या रक्ताचा डाग तिच्या कपाळावर कायमचा उमटलेला असतो आणि आपल्या साथीदाराला तो दिसू शकत नाही याचे तिला बरे वाटते, कारण त्या डागाची तिला लाज वाटते. सुटका झाल्यावरही लाज उरते, हे लिहिण्याचे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

सुंदरी आणि पशू या एकाच गोष्टीवर संग्रहात दोन कथा आहेत आणि त्या पाठोपाठ ठेवलेल्या आहेत. पहिलीत मूळ गोष्ट बरीचशी तशीच राहते. पांढरा गुलाब, कर्जात बुडालेला बाप, सभ्य आणि एकाकी सिंह आणि शेवटी सिंहाचा माणूस. कथा सुबक आहे, पण ती एकटी असती तर मी तिच्याविषयी लिहिले नसते. दुसरी, ‘द टायगर्स ब्राइड’, मात्र तिच्या शेजारी येऊन तिला उत्तर देते. इथे बाप पत्त्यांच्या डावात मुलीला पशूकडे हरतो आणि कथेच्या पहिल्याच वाक्यात मुलगी थंडपणे ही हकीकत सांगते. मराठी वाचकाला या वाक्यापाशी थांबायला कोणी सांगावे लागत नाही. द्यूतसभेत पणाला लागलेली द्रौपदी भर सभेत विचारते की आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, आणि सभेतला एकही वडीलधारा तिला सरळ उत्तर देत नाही. कार्टर यांची मुलगी तो प्रश्न बापाला विचारत बसत नाही. ती वाघाच्या वाड्यात जाते, जिथे तिच्या दिमतीला किल्लीवर चालणारी एक यांत्रिक दासी आहे. ती दासी हुबेहूब तिच्यासारखीच दिसते, आरसा धरते, गालाला पावडर लावते. ही बाहुली आणि आपण यांत बापाच्या लेखी फरक तो काय, हे मुलीला तिथे स्वच्छ दिसते. मग ती बापाकडे परत पाठवते ती बाहुली. स्वतः वाघाकडे जाते आणि वाघ आपल्या खरखरीत जिभेने तिला चाटू लागतो तेव्हा एकेक थर गळून तिच्या कातडीखालून चमकणारी लव बाहेर येते. पशूने माणूस व्हावे ही जुन्या गोष्टीची अट होती. इथे मुलगीच वाघीण होते. ही संग्रहातली माझी सर्वांत आवडती कथा आहे आणि तिची शेवटची दोन पाने मी मोठ्याने वाचण्याची शिफारस करीन.

शेवटच्या तीन कथा लांडग्यांच्या आहेत. त्यातली ‘द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज’ सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्यावर नील जॉर्डन यांनी १९८४ साली चित्रपट काढला आणि त्याच्या पटकथालेखनात कार्टर स्वतः सहभागी होत्या. लाल टोपीवाली मुलगी इथे लांडग्याला घाबरत नाही, हसते, आणि शेवटी त्याच्याच पंजांत निर्धास्त झोपी जाते. कथा देखणी आहे. तरी मराठवाड्याच्या वाचकाला मी तिच्याआधीची ‘द वेअरवुल्फ’ ही दोन-तीन पानांची कथा आधी वाचायला सांगेन. थंड, दरिद्री मुलूख आहे, लोक सैतानाला आणि चेटकिणींना मानतात. आजारी आजीकडे निघालेल्या मुलीवर रानात लांडगा झडप घालतो. ती बापाच्या सुरीने त्याचा पुढचा पंजा तोडते आणि कापडात गुंडाळून घेते. आजीच्या घरी पोचून कापड उलगडते तो पंजाच्या जागी म्हाताऱ्या बाईचा हात असतो, बोटात लग्नाची अंगठी आणि एक चामखीळ. त्यावरून तो आजीचा हात आहे हे ती ओळखते. ती ओरडते, शेजारी धावून येतात, हीच चेटकीण म्हणून म्हातारीला बर्फात हाकलून दगडांनी ठेचून मारतात. शेवटचे वाक्य असे की मुलगी आता आजीच्या घरात राहते आणि तिची भरभराट झाली आहे.

एवढेच. कोणी बरोबर, कोणी चूक, हे लेखिका सांगत नाही. पण लातूर, नांदेड, धाराशिव या भागांत ज्यांनी भानामतीच्या गोष्टी जवळून ऐकल्या आहेत, करणी केल्याचा आळ एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर कसा येतो आणि त्यानंतर तिच्या घराचे, वाट्याच्या जमिनीचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शेवटच्या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याआधी कित्येक वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते मराठवाड्यातल्या गावांतून भानामतीविरुद्ध फिरत होते. अशा एखाद्या शिबिरात ही कथा सांगितली जावी असे मला वाटते. व्याख्यानात जे तासभर समजवावे लागते ते तिथे एका अंगठीने आणि एका चामखिळीने पोचेल. मुलगी खरे बोलली की नाही, हा प्रश्न श्रोत्यांपुढे टाकून थांबावे.

‘द स्नो चाइल्ड’ ही कथा दीड-दोन पानांचीच आहे आणि तिच्याविषयी स्पष्ट सूचना देणे मला कर्तव्य वाटते. एक सरदार बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल आणि पिसासारखी काळी मुलगी असावी अशी इच्छा करतो; ती तत्क्षणी प्रकट होते, त्याची बायको तिचा काटा काढण्याच्या खटपटीला लागते, गुलाबाचा काटा टोचून मुलगी मरते आणि त्यानंतर सरदार तिच्या मृतदेहाशी जे करतो ते वाचवत नाही. पुरुषाच्या इच्छेतून जन्मलेल्या मुलीला त्या इच्छेपलीकडे अस्तित्वच नसते, हे कथेतून अचूक उमटते. पण ज्यांना अशा प्रसंगांचा त्रास होतो त्यांनी ही पाने खुशाल वगळावीत. पुस्तकाचे त्याने काही बिघडत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती हा संग्रह मी देणार नाही.

सगळ्याच कथा सारख्या उंचीच्या नाहीत. ‘द अर्ल-किंग’मध्ये रानातला पुरुष बायकांना पक्षी करून पिंजऱ्यात ठेवतो ही कल्पना जबरदस्त आहे, परंतु वर्णनांची इतकी दाटी झाली आहे की कथा त्यातून बाहेर यायला धडपडते. रक्त पिणाऱ्या उमरावकन्येची कथा पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घडते आणि तिच्या तावडीतून वाचलेला सायकलस्वार तरुण सैनिक पुढे फ्रान्सच्या खंदकांकडे जातो. हा शेवट हलवून सोडतो, मधला भाग मात्र रेंगाळतो. बूटवाल्या बोक्याची कथा याच्या अगदी उलट, चावट, भरधाव आणि हसवणारी आहे. बोका स्वतः फुशारक्या मारत ती सांगतो. आपल्या वगातल्या सोंगाड्याची भाषा ज्यांच्या कानांत आहे त्यांना त्याची ऐट पटकन कळेल.

भाषेविषयी आधीच सावध केलेले बरे. कार्टर यांचे इंग्रजी सोपे नाही. वाक्ये लांब, अलंकारांनी लगडलेली, मधेच फ्रेंच शब्द, चित्रकारांचे आणि संगीतकारांचे संदर्भ. पहिल्या कथेत शय्यागृहात पांढऱ्या लिलीची फुले ठेवलेली आहेत. त्यांचे दांडे काचेच्या पाण्यातून मोठे, फुगलेले दिसतात आणि तुटलेल्या अवयवांची आठवण करून देतात, त्यांचा परागकण बोटांना लागतो, त्यांचा वास जड आहे. ही फुले कथेत पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी खोली थोडी अधिक गुदमरवणारी होते. घाईने वाचणाऱ्याला हे शब्दांचे अवडंबर वाटेल. पण या सजावटीचा उपयोग आहे, ती मुलगी ज्या श्रीमंतीने गुंगून गेली त्या गुंगीत वाचकालाही घेऊन जाण्याचा. शब्दकोश जवळ असू द्यावा, मात्र प्रत्येक शब्दाला थांबू नये. पहिल्या वाचनात गोष्ट धरावी आणि दुसऱ्यात वाक्ये.

अशा रक्तमांसाच्या, पशूंच्या गोष्टी आपल्या सोज्वळ परंपरेत बसत नाहीत, असे कोणी म्हणेल तर त्याला पैठणची आठवण द्यावी लागेल. तेव्हाच्या प्रतिष्ठानात, सातवाहन राजाच्या दरबारी असलेल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली, अशी कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे. रक्ताने लिहिलेली आणि पिशाचांच्या भाषेतली म्हणून राजाने ती झिडकारली. गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला आणि एकेक पान वाचून तो जाळू लागला. हरणे, डुकरे, रेडे चरणे सोडून भोवती गोळा झाले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. ती जनावरे इतकी सुकली की राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस नीरस झाले, तेव्हा कुठे राजाला पत्ता लागला. तो पोचेतो सहा लाख श्लोक जळून गेले होते. त्या उरलेल्या लाखातून जे आपल्यापर्यंत आले त्यात वेताळ आहेत, व्यभिचार आहेत, प्रेते आहेत आणि धूर्त, शूर बायकाही आहेत. मोठ्यांसाठी रचलेल्या अद्भुत कथांचे हे घराणे गोदावरीच्या काठचे आहे. आपण त्यातून मुलांना पेलतील तेवढ्या गोष्टी निवडून घेतल्या आणि बाकीच्या अभ्यासकांकडे सोडून दिल्या, याची मला खंत आहे. शिळासप्तमीच्या सुनेच्या तोंडून तिची कहाणी मराठीत कोणीतरी लिहावी, ही इच्छा या पुस्तकाने माझ्या मनात फार तीव्र केली आहे.

मी वाचलेली प्रत व्हिंटेज प्रकाशनाची, कागदी बांधणीची आहे, जेमतेम दीडशे पानांची, हाताळायला हलकी. अक्षर बारीक आणि ओळी दाट असल्याने चाळिशी लागलेल्यांनी रात्रीच्या दिव्यात वाचण्याचे टाळावे. हेलन सिम्पसन यांची प्रस्तावना चांगली आहे, पण ती कथांचे शेवट सांगून टाकते, तेव्हा ती अखेरीस वाचावी. पुस्तक छत्रपती संभाजीनगरलाही आयत्या वेळी मिळेलच असे नाही. मागवून घेणे सोयीचे. नवख्या वाचकाने पानांच्या क्रमाने न जाता ‘द वेअरवुल्फ’पासून सुरुवात करावी, मग ‘द टायगर्स ब्राइड’, आणि भाषेची सवय झाल्यावर पहिली दीर्घ कथा एका बैठकीत. कार्टर यांचे १९९२ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, फुफ्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांनी जगभरच्या लोककथांतून निवडून संपादित केलेला परीकथांचा संग्रह व्हिरागो प्रकाशनाने १९९० साली काढला होता. त्यातल्या कथा छोट्या आणि भाषेने पुष्कळ सोप्या आहेत, आणि ज्यांना ‘द ब्लडी चेंबर’चे इंग्रजी जड जाईल त्यांनी आधी तो वाचावा.